पिवळ्या टोकांचे बांबू

गुरुवारी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी राज्याच्या कर विभागाचे पाच कर्मचारी डोंबिवलीत, मानपाड्याच्या एका मंडपवाल्याच्या गोदामात तपासणीसाठी शिरले. पाचही जण पिवळ्या कपड्यांत होते.

पथकाची प्रमुख होती मेघना गांगुर्डे, राज्यकर निरीक्षक, वय छत्तीस. तिचा कुर्ता हळदी रंगाचा होता. तिच्या मागे दोन पिवळ्या साड्या आणि एक लिंबू रंगाचा शर्ट, आणि सगळ्यात शेवटी गाडीचा चालक रघु. रघुकडे पिवळं काहीच नव्हतं, म्हणून त्याने पुतण्याचा क्रिकेटचा टी-शर्ट चढवला होता. तो त्याला पोटावर दोन बोटं कमी पडत होता.

नवरात्राचा चौथा दिवस होता आणि पेपरात छापून आलेल्या तक्त्याप्रमाणे त्या दिवसाचा रंग पिवळा होता. त्या सकाळी डोंबिवलीत बँकेच्या काउंटरवरच्या बाई पिवळ्या होत्या, शाळेच्या मुख्याध्यापिका पिवळ्या होत्या, पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटणाऱ्या चौघी पिवळ्या होत्या. पण त्यांच्यापैकी कुणी गुणाजी मढवींच्या गोदामात तपासणीला गेलं नव्हतं.

गुणाजी मढवी खुर्चीत बसून चहा बशीत ओतत होते. खुर्चीच्या पाठीवर मोरपंखी उपरणं होतं.

"कोन तुमी?"

"कर विभागातून आलोय. हे अधिकारपत्र. वाचा आणि इथे सही करा."

गुणाजींनी कागद घेतला नाही. त्यांनी मेघनाकडे पाहिलं, मग साड्यांकडे, मग शर्टकडे, आणि शेवटी बराच वेळ रघुच्या पोटाकडे.

"सगले पिवले?"

"शेठ, तपासणी आहे. मालाचं रजिस्टर काढा."

"अरे, सगले पिवले!" गुणाजींनी बशी खाली ठेवली आणि खिशातून फोन काढला. फोन डोळ्यांसमोर धरून ते गोदामभर उलटे चालू लागले. "बगा मंडली, निवडनूक आली. आतापरत लपूनछपून याचे. आता तं गनवेश घालूनशी आलेत!"

"काका, हा क्रिकेटचा आहे," रघु म्हणाला. हेही थेट प्रक्षेपणात गेलं.

दोन्ही पक्षांची नावं लांबलचक आहेत आणि मध्यंतरी एकदा बदललीही आहेत. शहरात त्यांना पिवळे आणि मोरपंखी एवढंच म्हणतात. पिवळे सत्तेत आहेत, मोरपंखी विरोधात. महापालिकेची निवडणूक तोंडावर होती आणि गुणाजींना मोरपंखींचे उपशहरप्रमुख होऊन तीन आठवडे झाले होते. त्यामुळे पंधरा मिनिटांत गोदामाच्या दाराशी चाळीस मोरपंखी उपरणी जमली, आणि साडेबारा वाजता पथक अर्धवट पंचनामा घेऊन परत फिरलं. पंचनाम्यात एवढंच होतं की गोदामात बांबूंचा एक ढीग आहे आणि प्रत्येक बांबूचं एक टोक वीतभर पिवळ्या रंगाने रंगवलेलं आहे.

ते गुणाजींकडे का गेले होते, हे त्यांना कुणीच विचारलं नाही, म्हणून इथे सांगायला हवं. गुणाजींचं नाव कुणा माणसाने नव्हे, संगणकाने काढलं होतं. ऑगस्ट महिन्यात दहीहंडी झाली, गणपती बसले, ठाण्यापासून कल्याणपर्यंत चालायला रस्ता उरला नाही इतके मंडप उभे राहिले. त्या महिन्याच्या विवरणपत्रात गुणाजी मढवींनी एकच शब्द कळवला होता: निरंक. म्हणजे महिनाभरात त्यांचा एकही बांबू भाड्याने गेला नव्हता.

*

मेघना कल्याणच्या कार्यालयात पोचली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. सहायक आयुक्त प्रीतम देवळेकर दार लावून केबिनमध्ये बसले होते. पंखा पाचवर होता आणि साहेबांच्या अंगावर रेनकोट होता.

"सर, बरं नाही का?"

"आत मोहरी रंगाचा शर्ट आहे," साहेब म्हणाले. "बायकोने काढून ठेवलेला. बस. व्हिडिओ बघितलास?"

"मी त्यात आहे, सर."

"साठ हजार लोकांनी बघितलाय. मुंबईहून दोनदा फोन आला. मी काय सांगणार? आमच्याकडे ऐश्वर्या घाडी नावाची क्लार्क आहे, ती ग्रुपवर रंग टाकते, आणि जो घालत नाही त्याने सगळ्या ऑफिसला बटाटेवडे द्यायचे? हे मी आयुक्तांना सांगू?"

"खरं तेच आहे ना, सर."

"खरंय, म्हणूनच तर सांगता येत नाही."

चार वाजून दहा मिनिटांनी ठाण्याहून पत्र आलं. कर विभाग विरोधकांच्याच मागे लागतो अशी ओरड झाल्यावर सरकारने ऑगस्टमध्ये एक राजकीय निःपक्षता देखरेख समिती नेमली होती. समितीच्या तोवर दोन बैठका झाल्या होत्या. पहिलीत सदस्यांची ओळख झाली, दुसरीत कपाट मागवायचं ठरलं. दीड महिना समितीकडे एकही प्रकरण आलं नव्हतं. त्यामुळे गुणाजींची तक्रार मिळाल्यावर तिने साडेतीन तासांत पत्र काढलं, जे त्या कार्यालयाच्या माहितीत कुठल्याही समितीने कधी केलेलं नव्हतं.

पत्रात चार प्रश्न होते. पथकाने विशिष्ट रंग का परिधान केला? तो कुणी ठरवला? कोणत्या आदेशान्वये? आणि एप्रिलपासून कोणकोणत्या पक्षाशी संबंधित किती व्यापाऱ्यांच्या तपासण्या झाल्या, त्याचा पक्षनिहाय तक्ता सादर करावा. मेघना गांगुर्डे यांनी सोमवारी दुपारी तीन वाजता समितीपुढे समक्ष हजर राहून खुलासा करावा, अशी शेवटची ओळ होती.

"चौथा प्रश्न," देवळेकर रेनकोटच्या बाहीने कपाळ पुसत म्हणाले. "पक्षनिहाय तक्ता. आहे आपल्याकडे?"

"सर, आपण व्यापाऱ्यांचा पक्ष लिहीतच नाही. समितीच्याच परिपत्रकात कलम तीन आहे, व्यापाऱ्याच्या राजकीय मताची कुठेही नोंद ठेवू नये."

"मग तक्ता नाही म्हणून कळवू?"

"नाही म्हटलं तर लपवला म्हणतील."

"आणि आता बनवला तर?"

"तर कलम तीन मोडलं."

साहेबांनी पंख्याकडे पाहिलं. "निःपक्ष आहोत हे दाखवायला आधी सगळ्यांचे पक्ष माहीत पाहिजेत," ते सावकाश म्हणाले. "हे कुणी लिहिलं असेल गं?"

मेघनाला त्या क्षणी परिपत्रकाची फार काळजी नव्हती. तिची काळजी वेगळी होती आणि साहेबांना ती ठाऊक होती. आठ वर्षं ती निरीक्षक होती. राज्यकर अधिकारी पदाच्या बढतीच्या यादीत यंदा तिचा क्रमांक अकरावा होता, जागा चौदा होत्या, आणि यादीवर पुढच्या बुधवारी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी सही व्हायची होती. ज्याच्यावर काही चौकशी लटकलेली असते त्याचं नाव बाजूला काढून लिफाफ्यात बंद करतात. लिफाफा चौकशी संपल्यावर उघडतात म्हणतात, पण तिच्या माहितीतला एक लिफाफा मालक निवृत्त झाल्यावर उघडला होता.

"सोमवारी मिटवून टाक," देवळेकर म्हणाले. "विचारतील तेवढंच बोल. जास्त बोलायचं नाही. तुझी सवय मला माहितीये."

*

शुक्रवारचा रंग हिरवा होता. सकाळी साडेदहाला अर्धं कार्यालय हिरवं आलं आणि अर्धं घाबरून आलं. देवळेकरांनी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं आणि तोंडी आदेश दिला की सोमवारपासून दिवसाचा रंग कुणीही घालायचा नाही.

"मग काय घालायचं, सर?" ऐश्वर्याने विचारलं. ती घरून आधीच पाच साड्या इस्त्री करून बसली होती.

"कुठल्याही पक्षाचा नसलेला रंग."

"कुठला?"

सगळ्यांनी एकमेकांच्या कपड्यांकडे पाहिलं. मग एकेक रंग पुढे आला आणि एकेक बाद झाला. प्रत्येकाला कोणी ना कोणी मालक निघाला. पांढरा सुचवला तर कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, पांढरे कपडे तर सगळ्याच पुढाऱ्यांचे.

"राखाडी," शेवटी लेखापाल म्हणाले. "राखाडी कुणाचाच नाही."

"सर, राखाडी उद्याचा आहे," ऐश्वर्या म्हणाली. "शनिवारचा."

"उद्या सुट्टी आहे. सोमवारी राखाडी." साहेबांनी टेबलावर हात आपटला. "सगळे राखाडी."

"सोमवारी मोरपंखी आहे, सर. मैत्रिणी विचारतील, तू असं काय घातलंस, घरात कुणी..."

"ऐश्वर्या."

"बरं, सर."

त्या संध्याकाळी मेघनाच्या आईने, शांताबाईंनी, जेवण वाढता वाढता सगळं ऐकून घेतलं. बिल्डिंगमधल्या सहा घरांत त्यांनी मुलगी मोठी ऑफिसर होणार हे आधीच सांगून ठेवलं होतं आणि तळमजल्यावर मिठाई करून देणाऱ्या बाईंना तर पेढ्यांचं वजनही सांगितलं होतं.

"बुधवारी तू निळा घालून गेलेलीस," त्या म्हणाल्या. "दिवसभर निळी फिरलीस. तेव्हा नाही कुणी म्हणालं, ही अमक्याची?"

"बुधवारी मी टेबलावर होते, आई. कुणाच्या गोदामात गेले नव्हते."

"म्हणजे रंगाचा राग नाहीये. गोदामाचा आहे."

मेघना घास हातात धरून आईकडे बघत राहिली. चार प्रश्नांच्या पत्रात हे कुठेच नव्हतं.

*

सोमवारी सकाळी कपाटासमोर मेघना वीस मिनिटं उभी होती. राखाडी घालावा तर साहेबांचा आदेश पाळला जाईल, पण समितीला वाटेल ही गुरुवारी एक होती, आज दुसरी झाली, म्हणजे मनात काहीतरी होतं. मोरपंखी घालावा तर निदान दिसेल की ही बाई फक्त तक्ता पाळते. गुरुवारी पिवळ्यांची नव्हती आणि आज मोरपंखींची नाही. तिने मोरपंखी साडी काढली. नेसता नेसता लक्षात आलं की आदेश मोडण्याची ही तिची आठ वर्षांतली पहिलीच वेळ. एका साडीसाठी.

ठाण्यात टेंभी नाक्याकडे जाणारा रस्ता देवीच्या गर्दीमुळे बंद होता. रघुने गाडी लांब उभी केली. मेघना आणि देवळेकर चालत निघाले. साहेब राखाडी सफारीत होते. आजूबाजूला दर्शनाची रांग होती आणि रांगेतल्या दहापैकी आठ बायका मोरपंखी होत्या. त्या गर्दीत साहेबच तेवढे उठून दिसत होते.

"बघ, सगळे माझ्याकडे बघतायत," ते पुटपुटले.

मेघना त्यांच्याकडे बघत नव्हती. नाक्यामागच्या गल्लीत एका छोट्या मंडळाचा मंडप होता. कापड जिथे संपत होतं तिथे बांबूंची टोकं बाहेर आली होती. वीतभर पिवळी. तिने चालता चालता मोजली. एका बाजूला बावीस.

"मेघना," देवळेकर म्हणाले. "चल."

"सर, ते बांबू..."

"मला काही दिसलेलं नाही. तुलाही दिसलेलं नाही. आज सोमवार आहे, परवा बुधवार आहे. चल."

समितीचं कार्यालय जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होतं. बाहेरच्या बाकावर पंधरा मिनिटं बसावं लागलं. समोरच्या भिंतीवर एकच फोटो टांगलेला होता. समितीच्या कार्यालयाचं उद्घाटन, इमारतीच्या अंगणात, चौदा ऑगस्ट. अध्यक्ष समई लावतायत, बाजूला फुलांचा हार, वर मंडप. मेघनाने फोटो पाहिला. मग उठून जवळ जाऊन पाहिला. मग परत बाकावर येऊन बसली आणि हात मांडीखाली दाबून धरले.

"काय झालं?" देवळेकरांनी विचारलं.

"काही नाही, सर."

"नक्की?"

"विचारतील तेवढंच बोलणार आहे."

*

समितीचे अध्यक्ष परशुराम केतकर एकाहत्तर वर्षांचे, निवृत्त सचिव होते. त्यांच्या उजवीकडे बसलेल्या सदस्य बाई मोरपंखी पैठणीत होत्या. तिसरे सदस्य गर्दीत अडकल्याचा फोन आला होता. कोपऱ्यात टंकलेखनाला रुचिता नावाची मुलगी होती, तीही मोरपंखी. गुणाजी मढवी आधीच येऊन बसले होते. त्यांच्या अंगात कडक इस्त्रीचा मोरपंखी कुर्ता होता.

केतकरांनी चष्म्यावरून आधी त्यांच्याकडेच पाहिलं.

"मढवी, आपण शासकीय समितीपुढे पक्षाच्या रंगाचा पोशाख करून आला आहात. हे औचित्याला धरून नाही."

"पक्षाचा नाय, साहेब," गुणाजी दुखावले. "आज सोमवार. आज मोरपंखी. घरनं काढून दिलाय. आनि त्या पक्षात मी हायेच कुटं आता?"

"म्हणजे?"

"काल सांजेला पिवल्यांत गेलो. वाजतगाजत गेलो, पेपरात फोटू हाय."

सदस्य बाईंनी पदर सावरला. केतकरांनी पेन खाली ठेवलं. "मग तक्रार? पिवळ्या पक्षासाठी काम करणाऱ्या अधिकाऱ्यांनी आपल्याला त्रास दिला, ही आपली तक्रार होती."

"ती मोरपंखी असतानाची, साहेब. आता आपलीच माणसं हायेत ती. मागं घेतो."

"तक्रार मागे घेण्याची तरतूद नियमावलीत नाही," केतकर घाईने म्हणाले. समितीकडे दुसरी तक्रार नव्हती. "परंतु श्रीमती गांगुर्डे, आपला खुलासा?"

"सर, गुरुवारचा रंग पिवळा होता म्हणून पिवळा. आज मोरपंखी आहे म्हणून मोरपंखी. मढवीसाहेबांचंही तेच आहे, आणि..." तिने पैठणीकडे पाहिलं. "बाकीही सगळ्यांचं."

पैठणीतल्या बाई प्रसन्न हसल्या. मग काहीतरी आठवून म्हणाल्या, "पण काय हो मढवी, त्या व्हिडिओत मागे बांबू दिसतात. त्यांनाही पिवळा रंग आहे. तेव्हा तर तुम्ही मोरपंखी होतात."

"ती आमची खूण, ताई!" गुणाजी खुर्चीत पुढे सरकले. या विषयावर त्यांना कुणीच आजवर विचारलं नव्हतं. "बापापासून. मंडप सोडताना दहा जनांचे बांबू येका जाग्याला पडतात. कोनचा कुनाचा कसा कलनार? म्हणून परतेक मंडपवाला टोक रंगवतो. कुनाचा लाल, कुनाचा निला. पिवला टोक दिसला की समजायचा, मढवीचा बांबू. पुऱ्या जिल्ह्यात दुसरा कोन पिवला लावत नाय. लावून बगावा!"

"उत्तम," केतकर म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर निकाल सापडल्याचं समाधान पसरलं. "तक्रारदाराच्या स्वतःच्या बांबूंना पिवळा रंग आहे आणि त्याचा पक्षाशी संबंध नाही. अर्थ स्पष्ट आहे. रुचिता, लिहून घे. समितीचा निष्कर्ष. रंग हा..."

रुचिताच्या बोटांनी दोन शब्द उमटवले. देवळेकरांनी पहिल्यांदाच पाठ टेकली. आणखी चार शब्द, एक पूर्णविराम, एक सही. मग बुधवार, अकरावा क्रमांक, तळमजल्यावरच्या बाईंचे पेढे. मेघनाला सगळं ओळीने दिसत होतं. त्याच वेळी तिला उघड्या दारातून बाकासमोरची भिंत आणि भिंतीवरचा फोटोही दिसत होता.

"सर, एक विचारू?" ती म्हणाली.

देवळेकरांनी टेबलाखालून तिच्या चपलेवर बूट ठेवला.

"विचारा."

"मढवीसाहेबांना. नाक्यामागच्या गल्लीतल्या मंडपाचे बांबू तुमचे ना?"

"मंग कुनाचे?"

"भाड्याने?"

गुणाजींनी इतका वेळ सोडलेला सावधपणा पुन्हा गोळा केला. "देवीला कोन भारा लावतो? सेवा."

"आणि ऑगस्टमध्ये? तुम्ही विवरणपत्रात निरंक लिहिलंय. गणपती?"

"सेवा."

"दहीहंडी?"

"ती पन सेवाच, मॅडम. आपला सोभाव तसा हाय."

"श्रीमती गांगुर्डे," केतकर म्हणाले, "कराचा विषय समितीच्या कार्यकक्षेत येत नाही. आपल्यापुढे केवळ निःपक्षतेचा मुद्दा आहे."

"हो सर. निःपक्षतेचंच विचारतेय." देवळेकरांचा बूट आता पूर्ण वजनानिशी तिच्या पायावर होता. "बाहेर फोटो आहे. चौदा ऑगस्टचा. तुमच्या मागे मंडप आहे, त्याच्या बांबूंची टोकं पिवळी आहेत. समितीने तो मंडप भाड्याने घेतला होता की ती पण सेवा होती?"

खाली देवीसमोरचा ढोल ऐकू येऊ लागला. तो आधीपासून वाजत होता, पण कुणाचं लक्ष नव्हतं.

केतकर उठले, बाहेर गेले, फोटोसमोर उभे राहिले, चष्मा काढला, पुसला, परत लावला. पैठणीतल्या बाईही मागोमाग गेल्या आणि फोटोत आपण कशा आलो आहोत तेही पाहून आल्या. परत येऊन केतकर खुर्चीत बसले. ते एकाहत्तर वर्षांत कुणाकडून सुपारीसुद्धा न घेतलेले गृहस्थ होते आणि आता त्यांना हिशेब लागत होता. मंडपाचं भाडं दिलं असेल, तर मढवींचं विवरणपत्र खोटं आणि ती तपासणी रास्त. दिलं नसेल, तर निःपक्षता समितीने आपल्या पहिल्याच दिवशी एका पक्षाच्या माणसाची फुकट सेवा घेतली.

"मढवी," ते शेवटी म्हणाले. "त्या दिवशी आपण कोणत्या पक्षात होता?"

गुणाजींनी बोटांवर मोजलं. "चवदा ऑगस्ट? तवा मी अपक्ष व्हतो, साहेब."

"आणि भाडं?"

गुणाजींनी मेघनाकडे पाहिलं, केतकरांकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच बहुधा त्यांना एका प्रश्नाची दोन्ही उत्तरं वाईट वाटली. "कागद बगून सांगतो," ते म्हणाले.

"आम्हीही बघून सांगू," केतकर म्हणाले. "सुनावणी तहकूब. पुढील तारीख कळवण्यात येईल."

"सर," कोपऱ्यातून रुचिताने विचारलं, "'रंग हा' पुढे काय लिहू?"

केतकर पेनाला टोपण लावत होते.

जिन्यावर देवळेकर थांबले. त्यांनी कठड्याला धरलं. "सहा शब्द होते गं. सहा शब्द राहिलेले तुझ्या बढतीला."

"चार, सर."

"तुला विचारलेलं तेवढंच बोलायला काय झालेलं?"

"पाय काढा ना, सर," मेघना म्हणाली. जिन्यावरही त्यांचा बूट पुन्हा तिच्या चपलेच्या पट्ट्यावर पडला होता.

*

मंगळवारी समितीने अंतरिम सूचना काढली. यापुढे तपासणीच्या प्रत्येक प्रस्तावासोबत एक नवीन रकाना भरावा: पथकाच्या पोशाखाचा रंग आणि तो निवडण्यामागचा आधार. त्याच दिवशी मेघनाने मढवींच्या गोदामाच्या दुसऱ्या तपासणीचा प्रस्ताव साहेबांच्या टेबलावर ठेवला. देवळेकरांनी तो वाचला. आधी माणूस विरोधात होता म्हणून जाता येत नव्हतं, ते म्हणाले, आता सत्तेत आहे म्हणून गेलो तर सत्ताधाऱ्यांना त्रास, न गेलो तर सत्ताधाऱ्यांना सूट. त्यांनी प्रस्तावावर सही केली नाही आणि तो परतही पाठवला नाही. त्यावर पेपरवेट ठेवला.

बुधवारचा रंग जांभळा होता. कार्यालय राखाडी होतं, फक्त ऐश्वर्याने जांभळी टिकली लावली होती. संध्याकाळी सहा वाजेपर्यंत बढतीची यादी आलेली नव्हती. मुंबईच्या एका ओळखीच्या क्लार्कने फोनवर सांगितलं की यादीवर सही झाली आहे, तेरा नावं आहेत आणि एक लिफाफा आहे. लिफाफा कुणाचा ते त्याला दिसलं नव्हतं. दुसऱ्या एकाने सांगितलं की सही झालेलीच नाही, सही करणारे साहेब गावी गेले. शांताबाईंनी तळमजल्यावर जाऊन पेढ्यांचं वजन अर्ध्यावर आणलं, पण ऑर्डर रद्द केली नाही.

घरी जाण्याआधी मेघनाने प्रस्तावाची आपल्याकडची प्रत पुन्हा एकदा पाहिली. तपासणीच्या तारखेपुढे तिने शुक्रवार लिहिला होता. नाक्यामागच्या मंडळाने फलकावर लिहिलं आहे की देवीचं विसर्जन गुरुवारी, आणि मंडप सोडायला मढवींचा टेम्पो शुक्रवारी सकाळी आठ वाजता येईल. त्यानंतर ते बांबू गोदामात जातील आणि दिवाळीपर्यंत बाहेर निघणार नाहीत.

रंगाचा रकाना रिकामा होता. नवरात्र गुरुवारी संपत असल्यामुळे शुक्रवारचा रंग कुठल्याच तक्त्यात दिलेला नाही.